शुक्रवारचा बिघाड

संग्रामपूर, जिल्हा बुलढाणा
ता. १३ मार्च १९४९

प्रिय उद्धव,

पत्राच्या या पहिल्या दोन शब्दांपाशीच मी बराच वेळ थांबलो. तू माझ्या मोटारीवर दोन वर्षे होतास. त्या काळात मी तुला जेवढ्या चिठ्ठ्या पाठवल्या, त्या साऱ्यांवर ‘ड्रायव्हर यास’ असे लिहिलेले असे. तुझ्या नावाने कागद लिहिण्याची ही पहिलीच वेळ आहे. अक्षर मुद्दाम मोठे आणि सुटे काढले आहे. माझ्या पत्नीने, तुझ्या बाईंनी, तुला स्वयंपाकघराच्या पायरीवर बसवून बाराखडी शिकवली, तेव्हा मला तो उद्योग निरर्थक वाटला होता. आज त्याचा उपयोग मलाच होत आहे. सावकाश वाच, अडले तर पुन्हा वाच. पण दुसऱ्या कोणाकडून वाचून घेऊ नकोस. यातील काही मजकूर केवळ तुझ्यासाठी आहे.

गेल्या नोव्हेंबरच्या सव्वीस तारखेस नांदुरा स्टेशनच्या आवारात, हमाल आणि टांगेवाले ऐकत असताना, मी तुला चोर म्हटले आणि कामावरून दूर केले. टाकीतील डिझेल काढून विकतोस आणि त्या जागी पाणी व रॉकेल भरतोस, असा माझा आरोप होता. तेवढ्यावर मी थांबलो नाही. नांदुऱ्याच्या उकंडरावांना आणि आणखी दोन लॉरीमालकांना मी पत्रे लिहिली, की या माणसाच्या हाती गाडी देऊ नये. तेव्हापासून कोणीही तुझ्या हाती चाक दिलेले नाही, हे मला ठाऊक आहे. तू डोणगावात थोरल्या भावाच्या शेतात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटत असतोस, असे मेहकरच्या मोटारीचा कंडक्टर सांगत होता. तुझे नाव मी घालवले आहे, आणि ते परत करणे माझ्याकडे लागते. परंतु या पत्राचा विषय मोटारीच्या इंजिनातील दोष हा आहे, आणि तो मी क्रमानेच लिहीन. मला दुसऱ्या रीतीने लिहिता येत नाही.

लष्कराच्या लिलावातून ती मोटार आपण आणली, तो १९४६ चा ऑक्टोबर होता. पुढे दाटीने तिघांची बैठक, मागे आखूड फळ्यांचा उघडा हौदा, आणि नव्या निळ्या रंगाखालून जागोजागी डोकावणारा जुना लष्करी हिरवा. त्या वेळी आपल्या बाजूस डिझेलवर चालणारी एवढी लहान गाडी दुसरी नव्हती. विकणाऱ्याने तिचे काही दोष आपण होऊन सांगितले होते, काही आपल्याला पहिल्या महिन्यात कळले, आणि मी एका वहीत ‘ज्ञात दोष’ असा मथळा घालून ते उतरून काढले. पौषातल्या सकाळी ती चालू होत नसे. तू तेलात भिजवलेले फडके पेटवून हवेच्या तोंडाशी धरायचास, आणि मग ती म्हाताऱ्यासारखी खोकत पांढरा धूर सोडायची. पंख्याचा पट्टा सैल पडत असे. मागच्या बाजूने तेलाचा थेंब गळत असे. तू त्याखाली डबा ठेवलास, तो मी दोनदा हलवायला लावला, कारण तो अव्यवस्थित दिसत होता. हे सारे दोष सोसण्यासारखे होते. वहीतला चौथा दोष तसा नव्हता. गाडी आठ-दहा मैल उत्तम चाले, मग दम कोंडल्यासारखी अडखळे आणि बंद पडे. अर्धा-पाऊण तास उभी राहिली, की आपोआप सुरू होई. पाच मैलांवर पुन्हा तेच.

माझ्याजवळ इंग्रजी पुस्तक होते. त्यात स्पष्ट लिहिले होते, की डिझेलच्या नळीत हवा शिरली असता इंजिन या रीतीने थांबते. मी फिल्टरच्या काचेच्या वाटीत पाहिले; बुडबुडे दिसले. मी अमरावतीच्या कॉलेजातून विज्ञानाची पदवी घेतलेला, चौदा वर्षे हायस्कुलात पदार्थविज्ञान शिकवलेला मनुष्य. बुडबुडे दिसल्यावर मी आणखी काय पाहणार होतो? एकेक जोड आवळला, एकेक वॉशर बदलला. तूच एके दिवशी, हातातला पाना पुसत, बिचकत म्हणालास, “मास्तरसाहेब, मले वाटते हे शुक्करवारीच होऊन राह्यलं.” त्यावर मी तुला काय म्हटले, ते तुला आठवत असेल. मला शब्दशः आठवते. यंत्राला वार कळत नाही, असे म्हणून मी तुला दहा मिनिटे व्याख्यान दिले, आणि अशा समजुती डोक्यात ठेवायच्या असतील तर बैलगाडी हाक, असा शेवट केला. नांदुऱ्याला उकंडरावांचे ड्रायव्हर तुझी थट्टा करत: “काऊन बे उद्धव, तुह्या गाडीनं शुक्रवार धरला का? तेलाचा घोट बी गियत नाही!” तू हसायचास. मी त्या बाजूस पाहतही नसे. आज सांगतो, की त्या साऱ्या प्रकरणात खरे निदान तेवढे एकच झाले होते, आणि ते थट्टेत झाले होते.

आता कुंकवाविषयी. मोटार दारात आली त्या दिवशी बाईंनी बॉनेटवर हळदीकुंकवाची पाच बोटे उमटवली आणि पुढच्या काचेवर स्वस्तिक काढले. मी ते पुसायला लावले. माझे विद्यार्थी आता वकील झाले आहेत, ते स्टेशनवर भेटतात, असे काहीसे कारण मी दिले होते. बाई वाद घालत नसत. त्यांनी एवढेच विचारले, की दर शुक्रवारी कोठे तरी एक बोट लावले तर चालेल का. मी म्हणालो, जेथे कोणाच्या दृष्टीस पडणार नाही तेथे लाव. त्यांनी गाडीभोवती एक फेरी घातली आणि डाव्या दाराखालचे टाकीचे पितळी झाकण पसंत केले. “हे तिचं खायाचं तोंड आहे,” त्या म्हणाल्या, “अन मधात टिकलीची जागा बी केलेली आहे.” ती जागा म्हणजे झाकणाच्या मधोमध असलेले टाचणीच्या डोक्याएवढे छिद्र होते. मी मान हलवली आणि वर्तमानपत्र उघडले. दर शुक्रवारी ओली हळद, त्यावर कुंकू, आणि संध्याकाळी गाडी परतली की कंदील घेऊन ते शाबूत आहे का, हे पाहणे, असा त्यांचा क्रम होता. शाबूत असले, की त्या दिवशी तुझ्या ताटात गूळ जास्त पडे. शनिवारी सकाळी तू गाडी धूत असस, तेव्हा ते निघून जाई.

त्याच वर्षीच्या भाऊबिजेचे लिहिल्यावाचून पुढे जाता येत नाही. बाईंना भाऊ नव्हता, आणि तू त्यांच्या माहेरच्या गावचा. त्यांनी तुला पाटावर बसवून ओवाळले. तू कोणाकडून तरी उसनी आणलेली पांढरी टोपी घातली होतीस. ओवाळून झाल्यावर तू माझ्या पाया पडलास आणि आनंदाच्या भरात मला “भाऊजी” म्हणालास. मी लगेच दुरुस्ती केली. “मास्तरसाहेब म्हणत जा,” असे मी म्हणालो. आवाज चढवला नव्हता. त्याची गरजही नव्हती. तुझा चेहरा पडला. बाई निरांजनाची वात सारखी करत राहिल्या. तुम्ही दोघांनीही हा विषय पुन्हा कधी काढला नाही.

१९४७ च्या मार्चमध्ये मी मुंबईहून तांब्याचे नवे वॉशर मागवले आणि स्वतः बसवले. त्यानंतर चौथा दोष पुन्हा दिसला नाही. एक महिना गेला, दोन गेले, पावसाळ्यानंतरचा कपाशीचा सगळा हंगाम गेला. मी वहीत त्या दोषावर तांबड्या शाईने आडवी रेघ मारली, तारीख घातली आणि सही केली. तू जवळच उभा होतास. “हाव मास्तरसाहेब, बेस झालं,” असे तू म्हणालास आणि खाली पाहून पायाने माती सारखी करू लागलास. मला वाटले, तू आपल्या शुक्रवारच्या समजुतीबद्दल ओशाळला आहेस. त्या तांबड्या रेघेचा मला जेवढा अभिमान होता, तेवढा पदवीचाही नव्हता.

आता सव्वीस नोव्हेंबर. तोही शुक्रवार होता. बाईंच्या पोटातील गाठीसाठी नागपूरच्या डॉक्टरांनी बोलावले होते. शेगावच्या बाजूचा पूर्णा नदीचा उतार त्या आठवड्यात मोटारींना बंद होता, म्हणून नांदुऱ्याहून रेल्वे धरण्याचे ठरले. बाईंना उभे राहवत नव्हते; तरीही पहाटे कामाच्या अंबूबाईंच्या खांद्यावर हात टाकून त्या अंगणात आल्या आणि झाकणावर कुंकू लावले. घर सोडून जायचे म्हणून नेहमीपेक्षा जाड लावले. मग मधे त्या, डावीकडे दारापाशी मी, असे बसणार होतो. पण त्यांना वारा हवा होता, म्हणून दारापाशी त्या बसल्या. त्यांनी हात बाहेर काढला असता तर तो झाकणाला लागला असता, इतके ते जवळ होते. गावाबाहेरच्या नाल्यापाशी तू गाडीचा वेग कमी केलास. मी विचारले, “कशाला थांबतोस?” तू म्हणालास, “जरासक चाक पाहातो.” मी म्हणालो, चाके मी घरी पाहिली आहेत, वेळ घालवू नकोस. तू एकवार बाईंकडे पाहिलेस आणि गाडी पुढे नेलीस. त्या पाहण्याचा अर्थ मी आज लिहू शकतो. त्या वेळी मला ते अपराध्याचे पाहणे वाटले.

दहाव्या मैलावर गाडी थांबली. तू खाली उतरलास, आणि इंजिनाकडे न जाता आम्हांलाच म्हणालास, “मास्तरसाहेब, तुम्ही बाईले घेऊन त्या लिंबाखाली बसा. मी पाच मिनिटात करतो.” दुखणेकरी माणसाला उठवण्याची सूचना मला उद्धटपणाची वाटली, आणि आपल्या माघारी तुला काही तरी लपवायचे आहे, असाही संशय आला. मी पुस्तक काढले. मी वाचत गेलो, तू सांगितलेले स्क्रू सैल करत गेलास, नळीतली हवा काढत गेलास, पुन्हा आवळत गेलास. बाई आतून म्हणाल्या, “अहो, त्याले त्याच्या मतानं करू द्या ना.” मी ऐकले नाही. गाडी सुरू झाली, चार मैलांवर पुन्हा थांबली, आणि पुन्हा मी पुस्तक उघडले. आम्ही स्टेशनात शिरलो तेव्हा नागपूरची गाडी जाऊन वीस मिनिटे झाली होती. फलाटावर कोणी उतारू नव्हते. एक हमाल रिकामा हातगाडा ओढत होता. त्यानंतर आवारात मी जे बोललो, ते वर लिहिले आहे. फिल्टरच्या वाटीत पाण्याचे दोन थेंब होते, तोच माझा पुरावा. तू गाडीची किल्ली पायरीवर ठेवलीस, बाकावर शाल पांघरून पडलेल्या बाईंच्या पायाला हात लावलास. त्या म्हणाल्या, “उद्धव, डब्यात भाकरी आहे बाप्पा, जेवून जाजो.” तू “हाव बाई” म्हणालास आणि न जेवता गेलास. डबा तसाच नागपूरला आला.

दुसऱ्या दिवशीच्या गाडीने आम्ही गेलो. डिसेंबरच्या सात तारखेस दुपारी तुझ्या बाई गेल्या. त्याआधी पाच दिवस डॉक्टरांनी मला बाजूला बोलावून सांगितले होते, की गाठ फार पूर्वीची आहे, आणि एक दिवस सोडा, एक महिना आधी आणले असते तरी परिणाम वेगळा झाला नसता. वाक्य त्यांनी इंग्रजीत उच्चारले. मी ते टिपून ठेवले. ते वाक्य मी कोणालाही सांगितले नाही. तेराव्या दिवशी डोणगावची मंडळी जमली होती. सासूबाईंनी, रुखमाबाईंनी, मला विचारले, “जवाईबापू, माही लेक इतक्या लवकर कशी गेली?” मी उत्तर दिले, की ड्रायव्हरच्या लबाडीमुळे गाडी चुकली. तेथे वीस माणसे होती. ती सारी तुझ्या गावची. त्या क्षणी मला कोणाचे तरी नाव घेता आले, म्हणून श्वास घेता आला. एवढेच त्याचे स्पष्टीकरण आहे, आणि ते पुरेसे नाही.

घरची हकीकत थोडक्यात लिहितो. अंबूबाई दोन वेळचे करून जातात. भाजीत मीठ कमी असते. मी ते वरून घेतो. तुळशीपाशी पाणी घालण्याचे काम माझ्याकडे आले आहे आणि ते सकाळी सातला नियमाने होते. बाईंची चष्म्याची पेटी, दोन लुगडी आणि तुझ्या बाराखडीची पाटी मी कपाटात एका खणात ठेवली आहे. पाटीवर ‘झ’ अर्धवट आहे. तो तुला साधत नसे, अशी त्यांची तक्रार होती.

उकंडरावांच्या माणसाने मोटार घरी पोचवली, तीही वाटेत दोनदा थांबली. मी तो तुझ्या भेसळीचाच शेष मानला. मग ती अडीच महिने छपरीत उभी होती. फेब्रुवारीत कपाशी पोचवण्यासाठी भगवानराव नावाचा ड्रायव्हर ठेवला. टाकी रिकामी करून धुतली, माझ्या देखत नवे डिझेल भरले. झाकण भगवानरावांनी कडेला धरून काढले आणि तसेच लावले. दहाव्या मैलावर, त्याच लिंबाच्या अलीकडे, गाडी थांबली. भगवानरावांनी पुस्तक मागितले नाही. तेल किती उरले हे पाहण्यासाठी त्यांनी काठी घेतली आणि झाकण फिरवले. झाकण सैल होताच टाकीने आत हवा ओढली. एखाद्या माणसाने पुष्कळ वेळ रोखलेला श्वास घ्यावा, तसा तो आवाज होता. इंजिन लगेच सुरू झाले. मी झाकण हातात घेतले आणि सूर्याकडे धरले. मधल्या छिद्रातून उजेड येत नव्हता. त्यावर हळदीचा आणि कुंकवाचा वाळून टणक झालेला पापुद्रा होता.

पुढे मी जे केले, ते सवयीने केले. ते झाकण कागदात गुंडाळून घरी ठेवले. अकोल्याहून दुसरे मागवले, त्याचे छिद्र मेणाने बुजवले आणि गाडी हाकायला लावली. दहा मैल, थांबली. मेण काढले; पंचवीस मैल, थांबली नाही. हा प्रयोग तीनदा केला. टाकीतून तेल निघते, तेवढी हवा वरून आत यावी लागते. ती वाट बंद झाली की पंपाला तेल ओढवत नाही, आणि मग तो सांध्यासांध्यांतून हवा शोषतो. तेच माझे बुडबुडे. हा धडा मी आठवीच्या वर्गाला चौदा वर्षे शिकवला आहे, उलट्या पेल्याचे उदाहरण देऊन. मग ती वही काढली आणि जुन्या पंचांगाशी ताडून पाहिली. चौथ्या दोषाच्या नऊ नोंदी होत्या. नऊही शुक्रवार होते. कुंकू माझ्या आज्ञेने तेथे गेले होते, आणि वाराचे नाव तू घेतलेस तेव्हा तुला गप्प मीच केले होते.

तरी एक गोष्ट उलगडत नव्हती. १९४७ च्या मार्चपासून बाईंनी एकही शुक्रवार चुकवला नव्हता, मग दीड वर्ष गाडी थांबली कशी नाही? तांब्याच्या वॉशरांचा तर काही संबंध उरला नव्हता. उत्तर मला पुंजाजींनी दिले. नाल्यालगत त्यांचे शेत आहे, हे तुला ठाऊकच आहे. मी पायी जात असताना त्यांनी बांधावरून हाक मारली. “मास्तर, तुमची गाडी आता इथं थांबत नाही काऊन? उद्धव त दर शुक्करवारी थांबे. काटा बी माह्याच बाभयीचा नेला त्यानं. म्या म्हटलं, काऊन बे, पायात मोडला का? त म्हणे, माह्या नाही काका, गाडीच्या नाकात मोडला!” आणि पुंजाजी आपल्याच बोलण्यावर खूप वेळ हसले. मी घरी येऊन हत्यारांची पेटी उपसली. तळाशी, चिंधीत गुंडाळलेल्या बुचात खोचलेला, बाभळीचा एक लांब काटा सापडला. त्याचे टोक तांबडे होते.

तार घेतली असतीस तर काम लवकर झाले असते. पण तारेने कुंकू खरवडले गेले असते, आणि संध्याकाळी बाई कंदील घेऊन पाहत असत. म्हणून काटा. दर शुक्रवारी नाल्यापाशी थांबून तू तेवढे छिद्र मोकळे केलेस आणि भोवतीचे कुंकू जसेच्या तसे ठेवलेस. सव्वीस तारखेस बाई झाकणालगतच बसल्या होत्या; त्यांच्या देखत तुला काटा हाती घेता आला नाही. मला सांगितले असतेस तर मी घरी येऊन बाईंना ऐकवले असते, की तुझ्या पूजेने गाडी बंद पडते. आणि मी ते कोणत्या शब्दांत ऐकवले असते, हे तू माझ्याहून अधिक ओळखून होतास. नांदुऱ्याच्या आवारात तुझे नाव वाचवायला एक वाक्य पुरे होते. बाई चार हातांच्या अंतरावर बाकावर पडून होत्या. तू ते वाक्य उच्चारले नाहीस.

उकंडरावांना आणि त्या दोघा मालकांना मी काल पत्रे धाडली; नकला सोबत आहेत. त्यांत लिहिले आहे, की मोटार टाकीच्या झाकणाचे छिद्र बुजल्यामुळे थांबत होती, ते मोकळे आहे की नाही हे पाहणे मालकाचे काम होते, मालकाने ते पाहिले नाही, आणि उद्धवसारखा प्रामाणिक व हुशार ड्रायव्हर माझ्या पाहण्यात दुसरा नाही. छिद्र कशाने बुजले, हे लिहिलेले नाही. कोणी विचारलेच, तर कचऱ्याने असे मी सांगणार होतो. तो शब्द लिहून पाहिला आणि खोडला. काहीच सांगणार नाही. तू दीड वर्ष ते कोणाला सांगितले नाहीस; यापुढे आपण दोघे सांगणार नाही.

हे सारे कळवण्यासाठी पत्राची आवश्यकता होती, असे नाही. नकला पाठवून भागले असते. पत्र लिहिण्याचे कारण वेगळे आहे. येत्या शुक्रवारी मी डोणगावास येत आहे. ज्या वीस माणसांपुढे मी खोटे बोललो, त्यांच्यापुढे, आणि प्रथम सासूबाईंपुढे, डॉक्टरांचे ते वाक्य मराठीत सांगणार आहे. तू तेथे असावेस, एवढी विनंती आहे. मोटारीवर परत यावयाचे की नाही, ते तू मागाहून ठरव. येताना मी जुने झाकण बरोबर आणीन. त्यावर मनकर्णेने आपल्या हाताने लावलेले शेवटचे कुंकू आहे. ते पुसून टाकावे तर माझा हात उचलत नाही, आणि कपाटात बंद करून ठेवावे तर ज्या गाडीसाठी तिने ते लावले ती गाडी दुसऱ्या झाकणावर चालते. मी दोनदा सुई घेऊन बसलो. माझ्या हातून कुंकवाला तडा जाईल. कुंकू न मोडता ते छिद्र मोकळे करणारा हात मला एकच माहीत आहे. काटा तुझाच आणतो आहे.

तुझाच,
भाऊजी